कणीक मुरेपर्यंत

«ताई, सप्रेम नमस्कार.

मी नाशिकला सातपूर भागात डबे करते. वय ४९. रोजचे ६२ डबे, बहुतेक एमआयडीसीतली पोरं आणि चार-पाच म्हातारी जोडपी. पहाटे चारला उठते. मदतीला एक मावशी आहेत, त्या पाचला येतात. दिवाळीनंतर डोकं सतत ठणकायला लागलं म्हणून डॉक्टरांकडे गेले, तर बीपी १५६/९८ निघालं. त्यांनी गोळी सुरू केली आणि म्हणाले, "चिडचिड कमी करा, रोज थोडं ध्यान करत जा."

मुलीने मोबाइलवर अ‍ॅप टाकून दिलं. २१ दिवसांत फरक पडेल म्हणून. रात्री सगळं आवरून दहा वाजता बसायचे. डोळे मिटले की उद्याची भाजी, सिलिंडर, कोणाचे पैसे यायचेत, हेच. कधी बसल्याबसल्या डुलकी लागायची. आणि मधूनच आई. ती गेल्या श्रावणात गेली. हॉस्पिटलचा तो व्हरांडा समोर येतो आणि रडू फुटतं. विसाव्या दिवशी बारशाला जायचं होतं, बसणं राहिलं आणि अ‍ॅपवरचा आकडा शून्यावर आला. मग सोडूनच दिलं.

त्याच आठवड्यात मावशींनी जैन काकांच्या डब्यात कांदा-लसणाची भाजी भरली. मी डबे न्यायला आलेल्या पोरांसमोर त्यांच्यावर ओरडले. ओरडायच्या आधी कान गरम झालेले कळले होते, तरी तोंड थांबलं नाही. मावशी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग वाटलं, एवढे दिवस बसून उपयोग काय झाला?

नणंद म्हणते, इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला दहा दिवस जाऊन ये, सगळं सुटेल. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं की ध्यानाने बीपीची गोळी बंद होते. खरं का? आणि ज्याला ध्यान लागतच नाही त्याने त्या वाटेला जावं का?

— एक डबेवाली, नाशिक»

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडले. "ओरडायच्या आधी कान गरम झालेले कळले होते." तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय. मला विचाराल तर अख्ख्या पत्रातली ती एकच चांगली बातमी आहे.

जरा आठवून बघा. दिवाळीच्या आधी, मावशींवर किंवा मुलीवर ओरडताना कान गरम झाल्याचं कधी कळलं होतं? माझा अंदाज आहे, नाही. आपल्याला राग आलाय हे आपल्याला बहुतेक वेळा समोरच्याचं तोंड पडलेलं बघून कळतं. म्हणजे सगळं होऊन गेल्यावर. तुम्हाला या वेळी ते आधी कळलं. थांबता आलं नाही, कबूल. पण कळणं पहिलं येतं, थांबणं त्याच्या बरंच मागून येतं. दुधाचं तसंच असतं ना? नवी सून दूध तापवते तेव्हा तिला दूध उतू गेल्यावर कळतं. तुमच्यासारखीला पाठमोरी असतानाही पातेल्याचा आवाज बदललेला ऐकू येतो. पण आवाज ओळखता यायला लागल्यावरही पहिले काही दिवस आपण गॅसपर्यंत पोहोचेस्तोवर दूध शेगडीवर आलेलंच असतं. तुम्ही सध्या तिथे आहात.

एकोणीस रात्री तुम्ही जे केलंत त्याचं फळ तुम्ही चुकीच्या जागी शोधत होता, एवढंच. ते बसल्या जागी दिसत नाही. ते ओट्यापाशी, डबे भरताना दिसतं.

आता ते "लागत नाही"चं बघू. या शब्दाने आपलं फार नुकसान केलंय असं माझं मत आहे. मराठीत झोप लागते, भूक लागते, उचकी लागते, ठेच लागते. सगळं आपोआप होणारं. त्याच ओळीत आपण ध्यान बसवून टाकलं आणि मग वाट बघत राहतो, अजून कसं लागेना? मी स्वतःपुरता हा शब्द टाकून दिलाय. मी म्हणते, "मी बसते." बसणं आपल्या हातात आहे. लागणं ज्याचं त्याच्यापाशी.

मन उद्याच्या भाजीकडे जातं हा तुमचा दोष नाही. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २०१० मध्ये सव्वादोन हजारांवर लोकांना मोबाइलवरून दिवसात कधीही अचानक विचारलं होतं: आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. ही ध्यानाला बसलेली माणसं नव्हती, आपापला दिवस जगणारी होती. म्हणजे डोळे मिटल्यावर मन भटकायला लागत नाही. ते दिवसभर भटकतच असतं, डोळे मिटल्यावर फक्त आपल्याला दिसतं. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाचीही हीच तक्रार आहे की मनाला आवरणं म्हणजे वाऱ्याला धरण्यासारखं आहे. आणि कृष्ण त्याला "छे, सोपं आहे" असं म्हणत नाही. अवघड आहे हे मान्य करतो आणि सरावाकडे बोट दाखवतो.

तेव्हा करायचं ते इतकंच. नाकातून श्वास चालू आहे, तो चालू द्यायचा. बाहेर जाणारा प्रत्येक श्वास मनात मोजायचा. एक, दोन, तीन, असं दहापर्यंत. दहा झाले की पुन्हा एक. मध्येच सिलिंडर आठवला आणि आकडा हरवला, की स्वतःला काही न बोलता पुन्हा एक. हे "पुन्हा एक" हाच खरा व्यायाम आहे. तुम्ही दहा मिनिटांत चाळीस वेळा हरवलात तर चाळीस वेळा परत आलात. जिमला जाणारा मुलगा वजन चाळीस वेळा खाली गेलं म्हणून रडत नाही.

मला हे कुठून कळलं तेही सांगते, म्हणजे मी उंचावर बसून सांगतेय असं वाटायला नको. मी २०११ मध्ये इगतपुरीला दहा दिवस जाऊन आले. पावसाळा होता, डोंगर धुक्यात, सगळं फार सुंदर. तिसऱ्या दिवशी मी डोळे मिटून माहेरच्या घराच्या वाटणीचं भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा भांडले, आणि या वेळी जिंकलेसुद्धा. गुडघे बोलत होते. नवव्या दिवशी मात्र खरंच काहीतरी निवळलं, आणि घरी येताना मी मनात ठरवलं की आता आयुष्यभर तिथे सांगतात तसं सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. सोळा दिवस टिकलं. सतराव्या दिवशी पाहुणे आले. त्यानंतर तीन वर्षं मी काहीही केलं नाही, फक्त "मी इगतपुरी केलीय" असं लोकांना सांगत राहिले. २०१४ मध्ये नवऱ्याच्या आजारपणात रात्री झोप उडाली तेव्हा गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर दहा मिनिटं बसायला लागले. तेवढंच टिकलंय, आजवर. माझ्या हिशेबी त्या दहा दिवसांपेक्षा या दहा मिनिटांनी मला जास्त दिलं.

काय दिलं? राग गेलेला नाही. रिक्षावाल्याने मीटर टाकायला नकार दिला की माझा पारा आजही चढतो. पण पूर्वी तो राग मी घरी आणायचे, स्वयंपाकात घालायचे, रात्री उशाशी घेऊन झोपायचे. आता साधारण पुढच्या चौकापर्यंत टिकतो. झोप मोडली तर पुन्हा लागते. आणि कोणी बोलत असताना त्याचं वाक्य संपेपर्यंत मी हल्ली ऐकते, हे माझ्या मुलाने सांगितलं, मला स्वतःला कळलं नव्हतं. बस, एवढंच. प्रकाश वगैरे काही दिसलेला नाही.

तुमच्या आई हरिपाठ म्हणायच्या का, माळ ओढायच्या का, माहीत नाही. पण घरातलं कोणीतरी नक्की ओढत असेल म्हणून एक गोष्ट सांगते. २००१ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी तेवीस जणांवर एक छोटा प्रयोग केला. त्यांना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि "ॐ मणि पद्मे हुम्" हा मंत्रही. दोन्ही वेळा श्वासाची गती आपोआप उतरून मिनिटाला सहाच्या आसपास आली. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. श्वास इतका संथ झाला की हृदयाची आणि रक्तदाबाची लयही त्याच्याशी जुळते. दोन धर्म, दोन भाषा, आणि ओळीची लांबी मात्र बरोब्बर एका संथ श्वासाएवढी. हे वाचल्यावर मला माझ्या आजीचा तिन्हीसांजेचा संथ, एकसुरी आवाज आठवला. आम्ही पोरं त्याची नक्कल करायचो.

हे तुम्हाला स्वतःला तपासता येईल. दुपारी डबे गेले की स्टुलावर बसा, डाव्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला उजव्या हाताची दोन बोटं ठेवा आणि नाडी धरा. श्वास आत घ्या, मग सावकाश, जरा लांबवत सोडा. अनेकांना जाणवतं की आत घेताना ठोके किंचित जवळ येतात आणि सोडताना लांब पडतात. बाहेर जाणाऱ्या श्वासाबरोबर मेंदूकडून हृदयाला जाणारी एक लांबलचक नस त्याला "हळू" असं सांगत असते. चिडल्यावर आपण नेमकं उलटं करतो, भराभर श्वास आत ओढतो. म्हणून श्वास सोडण्यावर भर. मोजायचाही तोच, बाहेरचा. श्वास कोंडून मात्र धरू नका, तुमच्या बीपीला ते नको.

आता गोळी. ताई, हे मी अगदी स्पष्ट सांगते: गोळी बंद करायची नाही. कमीही करायची नाही. एक दिवसाआड तर मुळीच नाही. ध्यानाने रक्तदाबावर थोडा चांगला परिणाम होऊ शकतो, एवढंच काय ते आजवर म्हणता येतं. अमेरिकेतल्या हृदयरोगावर काम करणाऱ्या मोठ्या संघटनेने, अमेरिकन हार्ट असोसिएशनने, २०१७ मध्ये सगळा पुरावा तपासून हेच सांगितलं की नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ध्यान करायला हरकत नाही. जोडीला. त्या व्हॉट्सअ‍ॅपवाल्याने नेमका हाच शब्द गाळला. पुढे कधी आकडे सतत खाली राहिले तर गोळीचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. तोवर आठवड्यातून दोनदा, ठरावीक वेळी, मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसून बीपी मोजा आणि डब्यांच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा. भांडी घासता घासता उठून मोजलेलं धरू नका. आणि रोज चव बघायला जेवढी लोणची-पापड तोंडात जातात, तेही डॉक्टरांना सांगून टाका. ते ध्यानात येत नाही, पण बीपीत येतं.

ध्यानाच्या बाजूने बोलायचं तर फार मोठमोठे दावे करणाऱ्यांपासून लांबच राहिलेलं बरं. २०१४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी ४७ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत मिळून ३,५१५ माणसं होती. चिंता, नैराश्य आणि शारीरिक वेदना यांत ध्यानाने फरक पडतो याचा मध्यम म्हणावा असा पुरावा मिळाला, फरक लहान पण खरा. मात्र व्यायाम किंवा औषधं यांपेक्षा ध्यान सरस ठरल्याचं काही त्यांना दिसलं नाही. मला हा निष्कर्ष आवडतो, कारण तो माझ्या अनुभवाशी जुळतो. आणखी एक अभ्यास २०२२ चा. चिंतेचा आजार असलेली २७६ माणसं, अर्ध्यांना नेहमीचं औषध, अर्ध्यांना आठ आठवडे ध्यानाचं शिक्षण. शेवटी दोन्ही गटांना जवळपास सारखाच उतार पडला. बातम्यांत एवढंच आलं. ध्यानवाल्या गटाला रोज ४५ मिनिटं घरी बसायचं होतं आणि दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग होता, हे कोणी फारसं छापलं नाही. ६२ डबे करणाऱ्या बाईकडे ४५ मिनिटं कुठून येणार?

तुमच्याकडे झोपेलाच वेळ नाही. दहाला ध्यानाला बसायचं, साडेदहाला आडवं व्हायचं, चारला उठायचं. साडेपाच तास. तुम्ही लिहिलंय की डुलकी लागायची. लागणारच! शरीराला जे हवं होतं ते त्याने घेतलं. खरं सांगू, रात्री दहाला ध्यान आणि झोप यांतलं एक निवडायचं असेल तर तुम्ही झोपा. साडेनऊला ओटा पुसून झाला की मुलीला सांगा फोन तिच्याकडेच ठेव, आणि पडा. ध्यानाची वेळ रात्रीची नाही, तुमच्यासाठी तरी नाही.

मग कधी? यावर मी दोन दिवस विचार करत होते, आणि परवा सकाळी माझीच कणीक मळताना सुचलं. तुम्ही पहाटे सात-आठ किलो कणीक मळत असाल. मळून झाली की वर ओलं फडकं टाकून मुरायला ठेवता. पंधरा-वीस मिनिटं तिला हात लावायचा नसतो. लावला तर पोळी वातड होते. तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या दिवसात आधीच राखून ठेवलेली ही वेळ आहे. त्या वेळात तुम्ही भाजी चिरत असणार, मला माहितीये. त्यातली फक्त सात मिनिटं काढा. तेवढी भाजी मावशी चिरतील, नाहीतर गवार आदल्या दुपारी मोडून ठेवा.

हात धुवा, पुसा. शेगड्या बंद आहेत ना बघा. कुकर चढवून बसायचं नाही, नाहीतर श्वास सोडून शिट्ट्या मोजाल. स्टुलावर बसा, पाठ भिंतीला टेकली तरी चालेल, मांडी घालायची सक्ती नाही. दिवसभर उभं राहणाऱ्या पायांना आणखी शिक्षा नको. हात मांडीवर. आणि मोजा, एक.

अलार्मची गरज पडणार नाही असं मला वाटतं. इतकी वर्षं कणीक मुरल्याचं तुमच्या हाताला घड्याळाशिवाय कळतंय.

डोळे मिटायचे का? तुम्ही नका मिटू. निदान काही महिने तरी. आणि हे मी आईसाठी सांगतेय.

तुम्ही आईबद्दल चारच ओळी लिहिल्यात आणि लगेच बारशाकडे वळलात. श्रावणात आई गेली आणि दिवाळीनंतर डोकं ठणकायला लागलं. यांचा संबंध मी जोडत नाही, तो माझा अधिकार नाही. पण दहा-बारा दिवसांत पुन्हा डबे सुरू केले असणार तुम्ही, कारण पोरं उपाशी राहतील. दिवसभर हात चालू असतात तेव्हा तो व्हरांडा मागे राहतो. रात्री अंधारात, दमलेल्या अंगाने डोळे मिटले की तो पुढे येतो. तो काही साधनेतला अडथळा नाही, आणि "साक्षीभावाने बघा" असं म्हणणारं कोणी भेटलं तर त्यांचं ऐकायची घाई करू नका. डोळे अर्धे उघडे ठेवा, नजर समोरच्या फरशीवर. रडू आलं तर येऊ दे, फडक्याने तोंड पुसा आणि मोजणी सोडून उठा, चार पावलं चाला, पाण्याचे हबके मारा. त्या दिवशीचं बसणं झालं म्हणायचं. त्याऐवजी आईची एखादी ओवी, तिचं एखादं स्तोत्र हळू आवाजात म्हणावंसं वाटलं तर तेही चालेल. श्वास तिथेही लांबतोच.

आणि तो व्हरांडा रोजच यायला लागला, भूक-झोप उडाली, जगण्यात काही राम नाही असं वाटायला लागलं, तर बसणं पूर्ण थांबवा आणि माणसाशी बोला. सरकारची टेलि-मानस ही सेवा आहे, १४४१६ हा नंबर, कोणत्याही वेळी, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. ध्यानाने काहींच्या मनातलं जुनं वर येतं आणि त्रास वाढतो. हे होतं, आणि असं झालं म्हणजे ते माणूस कच्चं असतं असं मुळीच नाही.

म्हणूनच इगतपुरी आत्ता नको. नणंदबाई मनापासून सांगताहेत, त्यांच्यावर रागावू नका. जागा चांगली आहे. नाशिकहून जेमतेम तासा-सव्वातासावर. १९७६ पासून चालू आहे, शिबिराचे पैसे घेत नाहीत, शिबिर पूर्ण केल्यावर ज्याला वाटेल त्याने दान द्यावं. पण तिथे पहाटे चारची घंटा, दिवसाला दहा तासांच्या आसपास बसणं, नऊ दिवस मौन, फोन जमा. आई जाऊन वर्षही झालेलं नाही आणि नुकतंच बीपी निघालेलं, अशा वेळी एकदम एवढ्या शांततेत जाऊन पडणं मला तुमच्यासाठी ठीक वाटत नाही. अर्जातही ते शारीरिक-मानसिक आजारांबद्दल विचारतात, उगाच नाही विचारत. वर्षाने, डॉक्टरांना विचारून, मे महिन्यात पोरं गावी गेली की बघा.

यात एक गंमत आहे, ती नणंदेला सांगा. तिथली पद्धत भारतात आणणारे गोयंका गुरुजी मुळात ब्रह्मदेशात व्यापारी होते आणि त्यांना भयंकर अर्धशिशी होती. डोकेदुखीवर उपाय म्हणूनच ते आपल्या गुरूंकडे, ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे ऊ बा खिन स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल, म्हणजे हिशेबाला पक्के. त्यांनी गोयंकांना आधी परतच लावलं: डोकेदुखी थांबवायला येणार असाल तर हे त्यासाठी नाही.

राहिला तो अ‍ॅपवरचा शून्य. २१ दिवसांत सवय लागते हे कुठून आलं माहितीये? १९६० मध्ये एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की त्याच्या रुग्णांना आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान २१ दिवस लागतात. पुढे लोकांनी "किमान" खाल्लं आणि चेहराही खाल्ला, उरले २१ दिवस. लंडनमध्ये काही वर्षांपूर्वी ९६ माणसांवर याचा खरोखरीचा अभ्यास झाला. एखादी साधी गोष्ट आपोआप व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. आणि मध्ये एखादा दिवस चुकला तर काही बिघडत नव्हतं. तुमचं बारसं त्यात बसतं. बाळाचं नाव काय ठेवलं ते लिहिलं नाहीत. अ‍ॅप काढून टाका. फारच वाटलं तर कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाच्या चौकटीत, एक टिंब द्या. जेव्हा बसलात तेव्हा टिंब, नाही बसलात तर रिकामं. कालनिर्णय कधी शून्यावर येत नाही.

मावशींचं राहिलं. त्या बोलायला लागल्या असतील आता, दोन दिवस म्हणालात. पण तुम्ही त्यांना काही म्हणालात का, ते पत्रात नाही. ओरडणं पोरांसमोर झालं, तर माफीही पोरं डबे घ्यायला आलेली असतानाच मागा, सहज, पोळी लाटता लाटता. आणि जैन काकांच्या डब्याला लाल दोरा बांधा. तो प्रश्न ध्यानाचा नव्हताच, दोऱ्याचा होता. पहाटे पाचला, अर्धवट झोपेत, ६२ सारखे डबे समोर असताना कोणाचंही चुकेल.

उद्या कणीक झाकल्यावर तुम्ही बसाल तेव्हा मावशी आलेल्या असतील. त्यांना आश्चर्य वाटेल. त्यांनाही विचारून बघा, बसायचंय का म्हणून. स्वयंपाकघरात दुसरं स्टूल आहे ना?

तुमची,
ताई